पंडिता रमाबाई: कृपेनें मिळालेलें पावित्र्य

पंडिता रमाबाई हें नांव महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांना नवीन नाहीं. केडगांवचें मुक्ति मिशन, विधवांसाठीं उघडलेलें शारदा सदन, बाईंनीं केलेलें शास्त्राचें मराठी भाषांतर, ह्या गोष्टी आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकिल्या आहेत. तथापि बाईंनीं काय केलें हें जितक्या वेळां सांगण्यांत येतें, तितक्या वेळां बाईंना काय मिळालें हें सांगण्यांत येत नाहीं. म्हणून ह्या लेखांत त्यांच्या चरित्राची ती दुसरी बाजू वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असें योजण्याचें कारणही सांगितलें पाहिजे. नागझिऱ्याच्या रानाभोंवतालच्या खेड्यांत फिरतांना एक प्रश्न वारंवार आमच्या कानांवर येतो. बाप्तिस्मा होऊन इतकीं वर्षें झालीं, उपासनेस जातों, वर्गणी देतों, मोहाची दारू सोडिली, तरी मनांत शांति कां नाहीं आणि राग, लोभ, मत्सर हे कां सुटत नाहींत, असें लोक विचारतात. कोणी कोणी उपदेशकही एकांतीं हाच प्रश्न करितात, आणि तो त्यांना अधिक बोंचतो. कारण रविवारीं जें दुसऱ्यांस सांगावयाचें तें आपल्यापाशीं आहे कीं नाहीं, अशी त्यांस शंका असते. रमाबाईंसारख्या विदुषीसही हाच प्रश्न आठ वर्षें छळीत होता, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांनीं हें चरित्र अवश्य वाचावें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीवरील गंगामूळ येथें दाट अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणें हें त्या काळीं पाप समजत. परंतु शास्त्रीबोवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई इला संस्कृत शिकविलें, आणि ह्यावरून लोकांचा विरोध झाला तेव्हां ते घरदार सोडून रानांत जाऊन राहिले. रानांत राहणें म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. रात्रीं वाघाची डरकाळी ऐकून मुलांना पोटाशीं धरावें लागतें, हें पिटेझरी किंवा मंगेझरीच्या बायांना जितकें कळतें, तितकें शहरांतल्या माणसाला कळत नाहीं. अशा ठिकाणीं ह्या कन्येचा जन्म झाला. आणि ती सहा महिन्यांची होते न होते तोंच घरांतील सर्व मंडळी यात्रेस निघाली. लहानग्या रमेला वेताच्या पेटींत घालून डोक्यावरून नेण्यांत आलें. तेव्हांपासून पुढें सुमारें पंधरा वर्षें त्या कुटुंबाला स्थिर असें घर नव्हतें.

हीं माणसें कशासाठीं फिरत होतीं? पोटासाठीं नव्हे. अनंतशास्त्र्यांच्या अंतःकरणांत देवाविषयीं खरी तहान होती, आणि ती भागविण्याचा जो मार्ग त्यांस माहीत होता त्या मार्गानें ते प्रामाणिकपणें चालले. तीर्थामागून तीर्थें झालीं. पवित्र मानलेल्या नद्यांत स्नानें केलीं, उपास केले, देवळाच्या आवारांत बसून पुराणें सांगितलीं, आणि जें धन मिळालें त्याचा मोठा भाग दानधर्मांत घातला. आईनें रमेला भल्या पहांटे उठवून संस्कृत शिकवावें असा क्रम होता. मुलगी पंधरा सोळा वर्षांची झाली तेव्हां भागवताचे हजारों श्लोक तिला मुखोद्गत होते. ह्या कुटुंबाइतकें पुण्य जोडण्याचे कष्ट आमच्यापैकीं कोणींच केले नसतील. म्हणून त्यांच्याविषयीं हलकेपणानें बोलण्याचा अधिकार आम्हां ख्रिस्ती लोकांस मुळींच नाहीं.

पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते. जवळचा पैसा संपला होता. अंगावरचे दागिने, भांडीं, वस्त्रें विकून झालीं. विद्वान ब्राह्मणानें मजुरी कशी करावी ह्या लाजेनें कोणाच्या दारीं काम मागावयास गेले नाहींत. शेवटीं रानांतील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ सालीं प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढें थोरली बहीणही गेली. मरतांना वडिलांनीं धाकट्या मुलीला जवळ घेऊन देवाच्या हवालीं केलें. आईचें प्रेत उचलावयास पुरेसे खांदेकरी मिळाले नाहींत, तेव्हां रमाबाईंना स्वतः हात लावावा लागला. आणि त्या उंचीनें लहान असल्यामुळें तो भार त्यांनीं डोक्यावर घेतला, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. सोळा वर्षांच्या मुलीनें आईचें प्रेत डोक्यावर घेऊन चालावें, ह्यापेक्षां कठीण प्रसंग तो कोणता?

त्या वेळीं त्यांच्या मनांत जो प्रश्न उत्पन्न झाला तो त्यांनीं कधीं सोडिला नाहीं. इतकें सारें करून काय मिळालें? पुण्य जोडणाऱ्या माणसाची ही मोठी अडचण असते. किती केलें म्हणजे पुरे, हें त्यास कोणी सांगत नाहीं. आज दहा उपास केले तर उद्यां अकरावा कां केला नाहीं, अशी टोंचणी लागते. सावकाराच्या वहींत ज्याचें देणें लिहिलेलें आहे पण रक्कम किती हें त्यास दाखविलेलें नाहीं, अशा ऋणकोप्रमाणें तो आयुष्यभर फेडीतच राहतो. शांति मिळत नाहीं ती कष्ट कमी पडल्यामुळें असें त्यास वाटतें, आणि तो आणखी कष्ट करितो.

वडील बंधु श्रीनिवास ह्यांच्यासह रमाबाई पायीं हिंदुस्थानभर फिरत फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंहोंचल्या. तेथील पंडितांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मान मिळाला, परंतु शास्त्रें वाचीत गेल्या तसतसा त्यांचा जुना विश्वास ढळत गेला. कारण स्त्रियांना व शूद्रांना मोक्षाचा सरळ मार्ग त्या ग्रंथांत त्यांस आढळेना. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिन बिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं जातिबंधन मोडून विवाह केला. पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली, आणि ख्रिस्ताची ओळख प्रथम तेथें झाली. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली; आणि १८८२ च्या आरंभीं पति पटकीनें वारले. चोवीस वर्षांच्या आंत आईबाप, बहीण, भाऊ व नवरा इतकीं सर्व माणसें गेलीं.

त्याच सालीं त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनापुढें स्त्रीशिक्षणाविषयीं व स्त्री वैद्यांच्या गरजेविषयीं साक्ष दिली. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथें भगिनींच्या मठांत राहिल्या. ह्या भगिनींनीं लंडन शहरांत फुलहॅम येथें पतित स्त्रियांसाठीं एक घर चालविलें होतें. तें पाहावयास त्यांस नेण्यांत आलें. ज्या स्त्रियांना आपल्या देशांत उंबऱ्याशींही उभें करीत नाहींत, त्यांच्याबरोबर ह्या भगिनी जेवतात, काम करितात, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवितात, हें बाईंनीं पाहिलें. असें कां करितां, हें त्यांनीं विचारिलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांस योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट समजावून सांगितली. पवित्र प्रभु त्या स्त्रीपासून दूर सरला नाहीं, उलट तिच्यापाशींच पाणी मागावयास बसला, ही गोष्ट रमाबाईंच्या मनांत खोल शिरली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं आपल्या कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

येथें पुष्कळ चरित्रकार असें लिहितात कीं बाईंचा शोध संपला. परंतु तसें झालें नाहीं, आणि ज्या वाचकांसाठीं आम्ही हें लिहितों त्यांनीं ह्या ठिकाणीं विशेष लक्ष द्यावें.

बाप्तिस्म्यानंतर बाईंनीं इंग्लंडांत चेल्टनहॅमच्या कॉलेजांत अध्ययन व अध्यापन केलें. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, व डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानाच्या समारंभास हजर राहिल्या. हिंदु विधवांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें तें १८८७ सालीं निघालें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडिलें, व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. कोणासही वाटावें कीं ही स्त्री ख्रिस्ती जीवनाच्या शिखरावर आहे. पण बाई स्वतः पुढें सांगत कीं ह्या सर्व वर्षांत आपल्यापाशीं ख्रिस्ती धर्म होता, परंतु ख्रिस्त नव्हता. बुद्धीला मतें पटलीं होतीं. बाप्तिस्मा झाला होता, सहभागिता घेत होत्या, आज्ञा पाळीत होत्या. परंतु ह्या सर्वांच्या तळाशीं वडिलांचाच जुना हिशेब चालू होता. पूर्वीं तीर्थ आणि उपास होते, त्यांच्या जागीं संस्कार आणि सेवा आलीं, इतकाच काय तो फरक. पापाचें ओझें जागच्या जागींच होतें.

१८९१ सालाच्या सुमारास त्यांनीं हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त वाचलें. हा पाळक वर्षानुवर्षें चर्चचें काम मन लावून करीत होता, आणि शेवटीं आपल्याच व्यासपीठावर उपदेश करीत असतांना त्याचें मन पालटलें. हें वाचून रमाबाई थबकल्या. पाळकालाही नव्या जन्माची गरज असते, तर मला कां नसावी, असा विचार करून त्या शास्त्र पुन्हां नव्यानें वाचूं लागल्या. तेव्हां त्यांस कळलें कीं नीतिमान ठरणें हें श्रमाचें वेतन नव्हे, दान आहे. आणि दान घ्यावयाचें तर रिकामा हात पुढें करण्यावांचून दुसरें कांहीं करावयाचें नसतें. आपण पाप्यांपैकीं एक आहों, आणि ख्रिस्त पाप्यांसाठींच आला, ह्या दोन गोष्टी त्यांनीं एकत्र ठेविल्या, आणि आहे त्या स्थितींत आपणांस त्याच्या स्वाधीन केलें. ज्या शांतीसाठीं त्यांचे वडील हिंदुस्थानभर पायीं फिरले, ती शांति त्यांस बसल्या जागीं मिळाली.

कृपा म्हणजे काय हें आमच्या भागांतील माणसानें दुसरीकडे शिकावयास जाण्याची गरज नाहीं. ह्या मुलुखांत तळीं पुष्कळ आहेत; भातशेतीसाठीं पूर्वजांनीं मोठ्या कष्टानें तीं बांधलीं. तळें खणावें लागतें, पाळ घालावी लागते, आणि पाऊस न आला तर तें आटतें. पण नागझिरा, पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी हीं नांवें पाहा. हीं सर्व झऱ्यांचीं नांवें आहेत. झरा कोणीं खणलेला नसतो. डोंगराच्या पोटांतून तो आपण होऊन येतो, आणि आंबील घेऊन आलेला गुराखी, हरीण, वाघ, जो कोणी तहानलेला येईल त्यास पाणी देतो. १९७० सालीं सरकारनें हें रान अभयारण्य म्हणून राखलें, त्याच्या पूर्वीं कितीएक काळ हें पाणी असेंच वाहत होतें. देवाची कृपा ही तळ्यासारखी नव्हे, झऱ्यासारखी आहे. तेथें वांकून प्यावें लागतें एवढेंच. आणि पुष्कळ माणसांना तें वांकणेंच जड जातें.

तथापि कोणी असें म्हणूं नये कीं झऱ्याचें पाणी आलें म्हणजे शेतकऱ्यानें खाटेवर पडून राहावें. पाणी आलें म्हणूनच चिखलणी होते, पऱ्हे उपटून रोवणी होते, बांधीची निगा राखावी लागते. रोवणी करून पाणी उत्पन्न होत नाहीं. पाणी आहे म्हणून रोवणी होते. तसेंच पावित्र्याचें आहे. पवित्र जीवन जगून कोणी देवाची कृपा विकत घेत नाहीं; कृपा मिळाली म्हणून पवित्र आत्मा अंतःकरणांत राहूं लागतो, आणि त्याच्या सामर्थ्यानें जुनें गवत दिवसेंदिवस निंदून काढिलें जातें. रमाबाईंच्या आयुष्याचीं पुढचीं तीस वर्षें म्हणजे ह्याच गोष्टीचा पुरावा होय.

पहिली गोष्ट अशी घडली कीं त्यांचें लोकांविषयींचें भय गेलें. शारदा सदनांत उच्चवर्णीय विधवा होत्या, आणि त्यांनीं आपला आचार पाळावा अशी मोकळीक बाईंनीं दिली होती. कोणासही त्यांनीं धर्म बदलण्यास भाग पाडिलें नाहीं. परंतु स्वतःच्या खोलींत प्रार्थना करितांना त्या दार लावून घेत नसत, आणि कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसूं लागल्या. ह्यावरून १८९३ सालीं पुण्यांत मोठा गहजब झाला. सल्लागार मंडळांतील रानडे, भांडारकर ह्यांसारखे थोर गृहस्थ दूर झाले, आणि पुष्कळ मुलींना पालकांनीं काढून नेलें. पालकांचें म्हणणें त्यांच्या दृष्टीनें समजण्यासारखें होतें. पण दार लावून घेणें हें बाईंना आपल्या प्रभूला नाकारण्यासारखें वाटलें. लोकांनीं बरें म्हणावें म्हणून जी स्त्री पूर्वीं मनांत झुरली असती, ती आतां शांत राहिली.

दुसरी गोष्ट आमच्या भागाशीं संबंध असलेली आहे. १८९६ सालीं पाऊस लवकर उघडला आणि मध्यप्रांतांत भाताचें पीक गेलें. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ सालीं वेगळा झाला. त्या काळीं तो भंडारा जिल्ह्यांत होता, आणि भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत होता. त्या प्रांतांतील दुष्काळाच्या बातम्या पुण्यास येऊं लागल्या तेव्हां बाईंना आपली सोळाव्या वर्षींची स्थिति आठवली. हातांत पैसा नव्हता. अमेरिकेंतून जो येई तो शारदा सदनाच्या कामासाठीं नेमलेला होता. प्रथम त्या कचरल्या. परंतु ज्याला फुकट मिळालें आहे त्यानें फुकट द्यावें हें त्यांस टाळतां येईना. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या, दुष्काळग्रस्तांच्या छावण्या व अनाथगृहें त्यांनीं पाहिलीं, आणि निराधार मुलींना वाईट माणसें फुसलावून नेत आहेत हेंही पाहिलें. त्या दुष्काळांत त्यांनीं सुमारें तीनशें मुली व तरुण विधवा वांचवून आणिल्या. ह्या मुली शास्त्र्यांच्या घरच्या नव्हत्या. हाडांचे सांपळे झालेल्या, अंगावर चिंध्या, डोक्यांत उवा, तोंडांत शिव्या, अशा त्या शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या, सर्व जातींच्या मुली होत्या. गंगामूळच्या शास्त्र्यांची कन्या त्यांना जवळ घेऊन बसली.

येथें पावित्र्याचा ख्रिस्ती अर्थ स्पष्ट दिसतो, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. सोवळ्याच्या कल्पनेप्रमाणें पवित्र वस्तूला अपवित्राचा स्पर्श झाला कीं ती विटाळते. म्हणून पवित्रानें दूर राहावें, कुंपण घालावें, हात आंखडावा. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजोबापणजोबांनीं ह्या कुंपणाच्या बाहेर उभें राहून दिवस काढिले आहेत. त्यांस हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. परंतु प्रभु येशूनें कुष्ठ्याला हात लाविला तेव्हां प्रभु अशुद्ध झाला नाहीं, कुष्ठी शुद्ध झाला. ख्रिस्ताचें पावित्र्य हें दिव्यासारखें आहे. अंधाऱ्या खोलींत नेल्यानें दिवा काळा पडत नाहीं. ज्याचें पावित्र्य उसनें, बाहेरून नेसलेलें असतें त्यालाच तें मळण्याची भीति वाटते. ख्रिस्ताकडून ज्याला तें मिळालें आहे तो चिखलांत उतरूं शकतो.

पुण्यापासून कांहीं कोसांवर केडगांव येथें बाईंनीं शेतजमीन घेतली होती. तेथें दुष्काळांतील मुलींसाठीं वस्ती झाली. तिचें नांव मुक्ति, आणि २४ सप्टेंबर १८९८ रोजीं तिचें समर्पण झालें. पुढें गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां १९०० सालच्या सुमारास मुक्तीमध्यें दोन हजारांच्या जवळपास माणसें होतीं. त्यांत पतित स्त्रियांसाठीं एक निराळें घर होतें. फुलहॅमला जें पाहिलें तें बाई विसरल्या नव्हत्या. त्या घराला पतितगृह किंवा सुधारगृह असें नांव न देतां त्यांनीं कृपा सदन असें नांव दिलें. आंत येणाऱ्या स्त्रीनें दारावर आपल्या पापाचें नांव वाचावयाचें नव्हतें, देवाच्या देणगीचें नांव वाचावयाचें होतें.

मुक्तींत कोणी रिकामें बसत नसे. विणकाम, शेती, गाईगुरें, तेलाचा घाणा, छापखाना, स्वयंपाक, आंधळ्यांसाठीं शाळा, हें सर्व स्त्रियाच चालवीत. प्रार्थना व काम हीं निरनिराळीं नव्हतीं. चोरी करण्याची संवय झालेली मुलगी भांडाराच्या किल्ल्या सांभाळण्याइतकी विश्वासू झाली म्हणजे तिच्या अंगीं पावित्र्य आलें असें समजावें. हें शिक्षण तेथें मिळे.

१९०५ सालच्या आरंभीं बाईंनीं मुलींना दररोज एकत्र प्रार्थना करण्यास सांगितलें, आणि जून महिन्याच्या शेवटीं मुक्तींत मोठी जागृति झाली. शेंकडों मुली आपल्या पापांसाठीं रडूं लागल्या. कोणी कबुली दिली, कोणी भांडलेल्या मैत्रिणीशीं समेट केला. मोठमोठ्यानें प्रार्थना होऊं लागल्या, आणि ह्या प्रकाराविषयीं बाहेर पुष्कळ उलटसुलट बोलण्यांत आलें. जे ह्या जागृतीच्या गोष्टी सांगतात ते बहुधा रडण्याओरडण्याचेंच वर्णन करितात. आमच्या मतें पाहण्यासारखी गोष्ट ही आहे कीं त्यानंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास पायीं जाऊं लागल्या. पाऊस पडून गेल्यावर गडगडाट किती झाला हें शेतकरी मोजीत बसत नाहीं. बांधींत पाणी किती सांचलें तें पाहतो. आत्म्याचें कामही तसेंच, फळावरून पाहावें.

आयुष्याच्या शेवटच्या भागांत बाईंनीं शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम हातीं घेतलें. कान पूर्वींपासूनच अधू होते. वय पन्नाशीच्या घरांत असतां त्या इब्री व ग्रीक भाषांत खपत राहिल्या. कारण खेड्यांतल्या अल्पशिक्षित बाईला शास्त्र स्वतः वाचतां यावें हा त्यांचा हेतु होता. ज्या मुलींना त्यांनीं दुष्काळांतून आणिलें, त्यांच्याच हातांनीं मुक्तीच्या छापखान्यांत हें शास्त्र छापण्यांत आलें. २४ जुलै १९२१ रोजीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. जिनें सोळाव्या वर्षीं आई गमाविली तिनें त्रेसष्टाव्या वर्षीं मुलगी गमाविली. आणि तरी काम थांबलें नाहीं. भाषांतर पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूकडे गेल्या. छापलेलें संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें.

पहिल्या दुष्काळांत आणि ह्या शेवटच्या दुःखांत काय फरक होता, ह्याचा वाचकांनीं विचार करावा. दुःख कमी नव्हतें. पण पहिल्या वेळीं दुःख आलें तेव्हां सारें पुण्य कोठें गेलें असा प्रश्न उरला. कारण पुण्य हा सौदा होता, आणि सौद्यांत मोबदला मिळाला नाहीं म्हणजे माणूस फसतो. दुसऱ्या वेळीं सौदा नव्हताच. देवानें आधींच सर्व दिलें होतें. म्हणून मुलगी गेल्यावर देवाशीं हिशेब मांडण्याची वेळ आली नाहीं. रडतां आलें, आणि रडत रडत कामही करितां आलें.

आतां आमच्या मंडळ्यांकडे वळूं. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे पण ज्यांस शांति नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये आणि नव्या उपासांची यादीही करूं नये. रमाबाई आठ वर्षें ह्याच स्थितींत होत्या. त्यांनीं बाप्तिस्मा टाकिला नाहीं, सेवाही सोडिली नाहीं. त्यांनीं हिशेब सोडिला. बाप्तिस्मा ही मंडळीच्या पुस्तकांतील नोंद होऊन राहिली असेल, तर ज्या प्रभूच्या नांवानें तो झाला त्याच्याकडे आतां जावें. तो विलंबाबद्दल दंड घेत नाहीं.

जे पडले आहेत, ज्यांनीं दारू सोडून पुन्हां धरिली आहे, ज्यांच्या घरीं कलह आहे, त्यांस मंडळीनें कुंपणाबाहेर उभें करूं नये. शिस्त असावी, परंतु आपल्या मंडळीच्या दारावर पापाचें नांव आहे कीं कृपेचें, हें प्रत्येक वडीलमंडळानें एकदां पाहावें. आणि कृपा फुकट आहे म्हणून पाप केलें तरी चालेल असें जो म्हणतो, त्यानें ती अजून घेतलीच नाहीं. झऱ्याचें पाणी पिऊन कोणी झऱ्यांत घाण टाकीत नाहीं.

उपदेशकांस आमचें सांगणें थोडें आहे. बंधूंनो, तुम्ही पायीं किंवा सायकलीवर रानवाटेनें दोन दोन गांवें करितां. पुष्कळदां उपाशीं असतां. वेतन थोडें, आणि लोकांच्या तक्रारी पुष्कळ. इतकें करून देव आपल्यावर प्रसन्न असेलच, असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु अनंतशास्त्री ह्याहून कितीतरी अधिक चालले. तुमच्या चालण्यानें देव प्रसन्न होत नाहीं. ख्रिस्ताठायीं तो तुमच्यावर आधींच प्रसन्न झाला आहे, म्हणून तुमचें चालणें धन्य आहे. ही गोष्ट पहांटे निघतांना मनांत ठेवा, म्हणजे संध्याकाळीं कोणी ऐकिलें नाहीं तरी तुम्ही रिते परत येणार नाहीं.

ज्या प्रभूनें अरण्यांत जन्मलेल्या, दुष्काळांत पोरक्या झालेल्या त्या मुलीला आपली कृपा दिली, आणि त्या कृपेनें तिला पवित्र करून हजारों पोरक्यांची आई केलें, तो आमच्या रानांतल्या लहान लहान मंडळ्यांनाही तीच कृपा देवो, आणि आम्हां सर्वांना रिकामे हात पुढें करण्यास शिकवो. आमेन.